आठ तुकडे

कामाठीबागेत, सकाळी सव्वासहाला,
धर्मेशभाई कंसारा सांगतात,
"गुडघ्याला कुलूप नको, जरा सैल.
माकडहाड जमिनीकडे सोडा.
सोडा एटले सोडा, ढकलायचं नाही."
मराठी-गुजराती ते एका श्वासात मिसळतात,
पण श्वासांची मिसळ चालवून घेत नाहीत:
हात वर जाताना आत,
खाली येताना बाहेर.

कॅन्टनला जात ते, बेअरिंगच्या खरेदीला.
हॉटेलसमोरच्या बागेत म्हाताऱ्या बायका
हवेतून काहीतरी उचलून
हवेतच ठेवताना दिसायच्या.
पहिल्या वर्षी हसलो, म्हणाले.
दुसऱ्या वर्षी बाकावर बसून मोजलं.
तिसऱ्या वर्षी मागच्या रांगेत उभा राहिलो,
कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

या प्रकाराला म्हणे
रेशमाचे आठ तुकडे म्हणतात.
मी कान टवकारले.
चाळीस वर्षं ब्लाउज शिवले मी, मंगळबाजारच्या मागे.
पाठ, पुढचे दोन, बाह्या, कटोऱ्या, पट्टी –
तुकड्यांचं मला कोणी शिकवू नये.
उजवा खांदा कात्रीनं खाल्ला.
डॉक्टर म्हणाले, गोठलाय.
बडोद्यात, मे महिन्यात!
वेणी घालायची तर मान हाताकडे न्यावी लागे.

पहिला तुकडा: दोन्ही तळव्यांनी आभाळ उचलून धरणे.
माझं आभाळ डावीकडे उंच,
उजवीकडे कानाच्या पाळीशी झोल आलेलं,
नवशिक्या पोरीनं टाचलेल्या पडद्यासारखं.
शेजारी पागेदारकाका, आखाड्यात वाढलेले,
आभाळ असं उचलतात जणू पैज लागलीय.
"घाम येत नाही तो कसला व्यायाम?"
"काका, सत्तर टक्केच. तीस टक्के राहू द्या."
जन्मात काकांना कोणी कमी कर म्हणालं नव्हतं.
रागावले.
दुसऱ्या दिवशी आले, रागावलेलेच.
मला मात्र लगेच कळलं.
शिवणीत माया ठेवतात ती हीच,
पुढे कधी उसवायची वेळ आली तर.

दुसरा तुकडा: धनुष्य ताणून घारीवर नेम.
धनुष्य नाही, बाण नाही,
घारी मात्र खऱ्या,
प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला
वाघाच्या जेवणाची वेळ पाठ असलेल्या.

आणि मग वडाखाली नुसतं उभं राहणं.
"पोटाशी मोठ्ठा फुगा धरलाय समजा."
पहिल्या मिनिटाला गॅसवरचं दूध आठवलं.
दुसऱ्याला नणंदेचं एक वाक्य, एकोणनव्वद सालचं.
तिसऱ्याला मशीन.
विश्वामित्री गल्लीत शिरली त्या रात्री
मशीनचं डोकं असंच पोटाशी कवटाळून
मी जिना चढले होते.
मागे पाण्यात काहीतरी लांबट सरकत गेलं,
ओंडका म्हणावा तर त्याला डोळे होते.
मशीन वर पोचलं. गंजलं. भंगारात गेलं.
हात अजून तसेच.

"कोपर सैल, बेन," धर्मेशभाई म्हणाले,
आणि पुढे गेले.

परतताना पुलावर माणसं थांबलेली.
खाली काठावर मगर, जबडा उघडा टाकून,
थंडीतलं पहिलं ऊन पाठीवर घेत.
मी मोजलं: तिचा एक श्वास, माझे अकरा.
गुडघ्यांना कुलूप नाही. शेपटी जमिनीवर सोडलेली.
पागेदारकाका कठड्याला टेकून बघत होते.
"हिला कोणी शिकवलं?" म्हणाले,
पहिल्यांदाच न रागावता.

ती त्या रात्रीची असेल, नसेल.
ओळख दाखवली नाही,
तिनंही, मीही.

आज आभाळ भुवईपर्यंत गेलं.
वेणीला अजून चार बोटं कमी पडतात.